आत्याबाईंच्या गुडघ्यातली फट

आमच्या घरात माणसाच्या बोलण्यापेक्षा कागदाला जास्त मान आहे आणि कागदापेक्षा कॉम्प्युटरला. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते. तेव्हा थोडा मान माझ्याही वाट्याला येईल, अशी माझी समजूत होती. मान सगळा कॉम्प्युटरला मिळाला. मी त्याच्यासोबत आलेली वायर.

सासऱ्यांना मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्याबाई. मामा एके काळी पंचायत समितीत होते. आता ते कशातच नाहीत, पण कपडे तसेच पांढरे आहेत आणि अंगणातल्या खुर्च्याही कुणी आत नेलेल्या नाहीत. आमचं गाव घाटनांदूरच्या अंगाला. मी रोज अंबाजोगाईला कॉलेजात जाते आणि संध्याकाळी परत येते. माझे यजमान पुण्यात नोकरीला असतात. त्यांचं मत फोनवर येतं आणि ते वडिलांच्या मतापेक्षा वेगळं निघाल्याचं मला आठवत नाही.

मी पीएचडी करत होते ती गुडघ्यांवर. गुडघ्याच्या एक्स-रेत मांडीचं हाड वर दिसतं, नडगीचं खाली आणि दोन्हींच्या मध्ये एक काळी फट. ती जागा खरं तर रिकामी नसते. तिथं हाडांना मऊ गादीसारखी कूर्चा असते, फक्त ती एक्स-रेत उमटत नाही. कूर्चा झिजली की हाडं जवळ येतात आणि फट अरुंद होते. मी लिहिलेला प्रोग्राम हाडांच्या कडा शोधायचा, फट मोजायचा, कडेला फुटलेली हाडाची टोकं बघायचा आणि शून्य ते चार असा नंबर द्यायचा. शून्य म्हणजे ठणठणीत, चार म्हणजे हाडावर हाड. डॉक्टर हेच काम नजरेनं करतात. माझा प्रोग्राम ते न थकता करतो, एवढाच त्याचा गुण. चुकाही तो तितक्याच न थकता करतो, हे मला पुढं कळलं.

तो शिकला होता परदेशातल्या गुडघ्यांवर, कारण तेच फुकट मिळत होते. ज्यांनी जन्मात कधी मांडी घातली नाही, उकिडवं बसून भाकरी थापली नाही, अशा लोकांचे ते गुडघे. माझे गाइड म्हणाले, आता आपल्याकडचे गुडघे आणा. ते मी घरी जेवताना बोलून गेले. तिथून पुढं ते संशोधन माझं राहिलं नाही.

मामांनी हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाले, “शिबिर घेऊ. आपल्याच गावात घेऊ. लई दिवस झाले, काही घेतलं न्हाई.”

या शिबिरावर घरातली आणखी एक गोष्ट अडकलेली होती. आत्याबाईंचे गुडघे कधीचे दुखत होते. अंबाजोगाईच्या एका डॉक्टरांनी, गुडघे बदलावे लागतील असं वाटतंय, लातूरला दाखवून घ्या, असं सांगितलेलं होतं. मामांचं म्हणणं, गुडघे म्हणजे काय ट्रॅक्टरचे टायर हायती का बदलायला. कामाचा कंटाळा आला की बायकांचे गुडघे दुखायला लागतात, हे त्यांचं शास्त्र. नाटक हाय, असं ते आत्याबाईंच्या देखत म्हणायचे आणि आत्याबाई भिंतीला धरून उठायच्या, चहा टाकायला जायच्या. आमच्याकडे पाहुण्यांच्या खोलीला जोडून कमोड बसवलेला आहे. तो मोठ्या नेत्यांसाठी. मोठा नेता अजून कुणी मुक्कामाला आला नाही, त्यामुळे त्या खोलीला कुलूप असतं. आत्याबाई परसातल्या जुन्या संडासात जायच्या आणि उठताना नळाच्या पाइपला धरायच्या. तो पाइप दोनदा उखडला. दोन्ही वेळा प्लंबरला शिव्या बसल्या.

त्या दिवशी जेवताना मामांनी निकाल देऊन टाकला. “सूनबाईची मशीन बघू दे गुडघे. ती खराब म्हनली तर दुसऱ्या दिवशी लातूरला नेतो, खर्चाचं बघतो. ती चांगले म्हनली तर मातर परत गुडघ्याचं नाव काढायचं न्हाई. कबूल?”

आत्याबाई म्हणाल्या, “कबूल.” त्या इतक्या चटकन म्हणाल्या की मलाच बरं वाटलं. ज्या बाईला आपलं दुखणं ठाऊक आहे तिला फोटोची भीती कशाला वाटेल?

शिबिर जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानावर झालं. एक्स-रेची गाडी भाड्यानं आणली होती. गाडीच्या दारासमोरच मंडप आणि मंडपात मधोमध मामांची खुर्ची. बॅनर मोठा होता. त्यावर मामांचा फोटो होता, मामांच्या नेत्याचा होता, नेत्याच्या नेत्याचा होता. गुडघा कुठंच नव्हता.

मीही नव्हते. शिबिर माझ्या संशोधनाचं, पण सासरे चारचौघांत बसलेले असताना सून मैदानात फिरतेय, हे आमच्या गावात शोभत नाही. मी सकाळी एकदा गाडीपर्यंत जाऊन बघितलं. मामा आवाज न चढवता म्हणाले, “सूनबाई, तेवढं च्याचं बघा.” त्यानंतरचा सगळा दिवस मी शाळेच्या मागच्या खोलीत होते. डोक्यावर पदर, हातात पोह्यांची परात. पीएचडीची विद्यार्थिनी आपल्या विदेसाठी, म्हणजे डेटासाठी, किती कष्ट उपसते त्याचे फोटो कुणी काढले नाहीत म्हणून बरं. एक्स-रे काढणारे गृहस्थ पन्नाशीचे, अनुभवी होते आणि त्यांना मी आदल्या दिवशी फोनवर सगळं समजावलं होतं. ते प्रत्येक वाक्याला “हो मॅडम” म्हणाले होते. मी निर्धास्त होते.

पहिला मान आमच्या घराचा, तो आमच्याकडे पोळ्यालाही असतो आणि एक्स-रेलाही. आधी आत्याबाई आत गेल्या. मग बाकीच्या मोठ्या घरांतल्या म्हाताऱ्या, मग म्हातारे, मग त्यांच्या सुना आणि शेवटी माळावरच्या वस्तीवरून आलेल्या, मेंढरं राखणाऱ्या घरांतल्या बाया. कुणाचंही नाव फोटोवर टाकायचं नाही, असा नियम असतो. प्रत्येक गुडघ्याला फक्त आकडा. पण पहिला आकडा कुणाचा, हे सांगायला मला नावाची गरज नव्हती.

पुढच्या आठवड्यात मी सगळे फोटो प्रोग्रामला दिले. एका गुडघ्याला त्यानं तडक चार नंबर दिला, हाडाला भलं मोठं टोक फुटलंय म्हणून. मी फोटो उघडून बघितला तर तो तावीज होता. गुडघा दुखतो म्हणून दर्ग्यातून आणून बांधलेला, धातूच्या डबीतला. आमच्याकडे असे तावीज बरेच निघाले. परदेशी गुडघ्यांना ही सवय नसल्यामुळे प्रोग्राम गोंधळला होता. ते सगळे मी हातानं दुरुस्त केले आणि स्वतःवर खूश झाले.

आकडे मात्र विचित्र होते. म्हाताऱ्या सासवांचे गुडघे उत्तम, सुनांचे त्यांच्याहून खराब आणि माळावरच्या बायांचे सगळ्यांत वाईट. गाइड फोनवर आनंदानं म्हणाले, मॅडम, हे काहीतरी नवीनच निघतंय, पेपर होईल. मला ते पटत नव्हतं. मी पुन्हा तपासत बसले होते आणि मामा पाठीमागं येऊन उभे राहिलेले मला कळलंच नाही.

त्यांनी विचारलं, “ह्यो तिचाच का?”

“हो. पण मामा, अजून पक्कं नाही.”

“एक लिहिलंय की. एक म्हंजी?”

“अगदी थोडीशी झीज. पण मला जरा...”

“म्हंजी चांगले हायती,” मामा म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले. मी मागून हाका मारल्या. सुनेनं सासऱ्याला किती मोठ्यानं हाक मारावी याचीही आमच्याकडे मर्यादा आहे. ती मी त्या दिवशी ओलांडली, पण ते थांबले नाहीत.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. बाकीच्यांना मी अजून काही कळवलं नव्हतं. तरी मामांनी पारावर बसून एकंदर शास्त्रीय निष्कर्ष सांगून टाकला होता, की गावातल्या म्हाताऱ्या बायकांना काहीएक झालेलं नाही. ज्या ज्या घरात सासू गुडघ्यांमुळं बाजेवर होती त्या त्या घरात तिच्या हाताला दुसऱ्या दिवशी काम मिळालं. सुनांच्या गुडघ्यांबद्दल मी काही बोललेच नाही. बोलले असते तर गावात लढाईच जुंपली असती.

आत्याबाईंनी शब्द दिला होता, तो त्यांनी पाळला. गुडघ्याचं नाव काढणं बंद. सकाळी झाडझूड, मग गोठा, मग चूल. मामा ओसरीवरून कौतुकानं बघायचे. “बघा, मशीननं सांगितल्याबरोबर चालायला लागली का न्हाई?” असं त्यांनी दोन पाहुण्यांना माझ्यासमोर सांगितलं. मला त्या वेळी इतका राग आला की मी पाहुण्यांच्या चहात साखर टाकली नाही. एवढाच माझा सत्याग्रह.

स्वयंपाकघरात आम्ही दोघीच असताना आत्याबाई एकदाच बोलल्या. भाकरी परतत, माझ्याकडे न बघता. “तुझ्या मशीनला कळत न्हाई का गं माय?” त्यात तक्रार नव्हती. खरोखरच विचारत होत्या. मला त्यांच्या आवाजाचं फार वाईट वाटलं. त्यांना स्वतःच्याच गुडघ्यांचा संशय यायला लागला होता.

मग मी गाडीवाल्या गृहस्थांना फोन लावला आणि शिबिराच्या दिवशी काय काय झालं ते पहिल्यापासून विचारलं.

ते म्हणाले, “सगळं तुमी सांगितल्याप्रमानंच केलं मॅडम.”

“सगळ्यांना उभं करून काढलेत ना फोटो?”

“आता मॅडम, तुमच्या सासूबाईला उभं ऱ्हावा, दांडा धरा, असं कसं म्हनावं? साहेब समोर खुर्चीत बसलेले. मी गादी टाकली, गुडघ्याखाली उशी दिली, म्हनलं आत्या, पडा निवांत. समद्या वयस्कर मान्सांचे तसेच काढले. मोठ्या घरची मान्सं हायती.”

“आणि सुनांचे?”

“त्या कशाला झोपतेत साहेबांसमोर? त्या उभ्याच व्हत्या. माळावरच्या बायांचेबी उभ्यानंच. त्यांच्यासाठी कोन गादी झटकत बसतंय.”

गुडघ्याचा फोटो उभं राहूनच काढायचा असतो. अंगाचा भार पडला तरच झिजलेल्या जागी हाडं एकमेकांना टेकतात. माणूस आडवा झाला, वर गुडघ्याखाली उशी आली, की भार जातो, कडेची टोकं नीट दिसत नाहीत आणि झिजलेला सांधाही बऱ्यापैकी मोकळा दिसतो. म्हणजे ज्यांना ज्यांना गावानं मान दिला त्यांचे गुडघे निरोगी ठरले आणि ज्यांना उभं ठेवलं त्यांचे तेवढे खरे दिसले. माझ्या प्रोग्रामनं गुडघे मोजलेच नव्हते. त्यानं गावातला मान मोजला होता आणि तो अगदी बिनचूक मोजला होता. पेपर खरं तर त्याच्यावरच व्हायला हवा होता.

आता मामांना हे सांगायचं कसं? तुमच्यासमोर तुमच्या मालकिणीला मान दिला म्हणून फोटो चुकला, हे वाक्य आमच्या ओसरीवर चालण्यासारखं नव्हतं. शिवाय मामांच्या लेखी निकाल लागलेला होता. मी दुसऱ्या वाटेनं गेले. म्हटलं, “मामा, पेपर लिहिताना शेवटी आभार मानायचे असतात. शिबिर तुम्ही घेतलं, तेव्हा तुमचंच नाव येणार. पण त्यासाठी आपल्या घरचा एक उभ्यानं काढलेला फोटोही लागतो.”

“छापील येतं नाव?”

“छापील. परदेशातही वाचतात.”

“फोटोसकट?”

“नुसतं नाव.”

मामांनी थोडा विचार केला. “बरं. ने तिला.”

अंबाजोगाईच्या एक्स-रे सेंटरमध्ये आत्याबाई दांडा धरून उभ्या राहिल्या. त्यांना दोन्ही पायांवर सारखा भार द्यायला सांगितलं. त्यांनी दिला. मी काचेमागून बघत होते. त्यांनी डोळे गच्च मिटले होते आणि गालावरून पाणी येत होतं, पण त्या हलल्या नाहीत. हलल्या असत्या तर फोटो बिघडला असता, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण आधीच एक बिघडलेला त्यांना पुरे झाला असावा.

नवीन फोटोत आतल्या बाजूला फट नव्हतीच. दोन्ही गुडघ्यांत हाडावर हाड. प्रोग्रामनं चार नंबर दिला आणि या वेळी तो तावीज नव्हता.

घरी आल्यावर मी दोन्ही फोटो स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले, एक आडवं पडून काढलेला आणि एक उभ्यानं, आणि मामांना सरळ सगळं सांगितलं. गादी, उशी, खुर्ची, सगळं. ते बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं आता खजील होतील, निदान आत्याबाईंना काही बोलतील. ते म्हणाले, “आता मशीन सुधारली म्हन की.” मग चपला घालून बाहेर पडले.

पारावर त्या दिवशी वेगळा निष्कर्ष निघाला. आमच्या घरचे गुडघे चार नंबरचे, याच्यापुढं नंबरच नाही, असं मामांनी सांगितल्याचं माझ्या कानावर आलं. त्यांच्या आवाजात चक्क अभिमान होता म्हणे. बाकीच्या म्हाताऱ्यांचे फोटो मी नंतर हळूहळू उभ्यानं काढून घेतले आणि पुष्कळ घरांत परत बाजा टाकल्या गेल्या. मामांनी मात्र शब्द पाळला, हे म्हटलं पाहिजे. त्यांनी लातूरच्या डॉक्टरांची वेळ घेतली, गाडी ठरवली आणि आम्ही तिघं निघालो. वाटेत त्यांनी लॅपटॉपची पिशवी माझ्याकडून स्वतःच्या मांडीवर घेतली. आत्याबाईंना गाडीत चढताना हात मी दिला.

डॉक्टर मध्यम वयाचे आणि कमी बोलणारे होते. आम्ही बसायच्या आत मामा म्हणाले, “डाक्टर, चार नंबर हाय. दोन्हीबी. कॉम्प्युटरनं काढलाय.” आणि त्यांनी मला लॅपटॉप उघडायला लावला.

डॉक्टरांनी फोटो नीट बघितला. माझ्याशी दोन शब्द बोलले, काम चांगलं आहे म्हणाले. मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवून मामांना म्हणाले, “फोटो खराब आहे, खरं आहे. पण काका, मी फोटोचं ऑपरेशन करत नाही. याच्यासारखाच फोटो असलेल्या काही बायका आरामात फिरतात आणि चांगला फोटो असलेल्या काही रडत येतात. दुखतं किती, ते ज्याचं त्यानं सांगायचं असतं.” आणि ते आत्याबाईंकडे वळले. “मावशी, गुडघे दुखतात का?”

आत्याबाईंनी पदर गुडघ्यांवर नीट केला.

“न्हाई,” त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मी बोलणार तेवढ्यात त्यांनी टेबलाखालून माझं मनगट धरलं आणि दाबलं. पकड चांगली घट्ट होती.

“अगं, न्हाई काय?” मामा म्हणाले. “सांग की.”

“काय सांगू?”

“दुखतंय म्हून सांग.”

“मी कशाला सांगू? कामाचा कंटाळा आला आसंल म्हनतेत लोक. नाटक हाय म्हनतेत.”

मामांनी डॉक्टरांकडे बघून हसायचा प्रयत्न केला. डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, “त्रास नसेल तर प्रश्नच मिटला. व्यायाम सांगतो, साध्या गोळ्या देतो. नसलेल्या दुखण्यासाठी एवढं मोठं ऑपरेशन कशाला?” आणि त्यांनी चिठ्ठ्यांचं पॅड पुढं ओढलं.

मामांनी आधी आत्याबाईंकडे बघितलं, मग पेनाकडे. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणाची विनवणी करताना पाहिलं नव्हतं. निवडणुकीतसुद्धा ते हात जोडायचे ते खुर्चीत बसूनच.

“थांबा डाक्टर,” ते म्हणाले. “तिचं ऐकू नका. लई दुखतंय तिला. रातभर कन्हती. कूस बदलायची म्हनली तर आदी दोन्ही हातांनी पाय उचलून ठिवती, मंग वळती. पहाटं उठताना तोंडात पदराचा बोळा घालती, मला जाग यिऊ नाही म्हून. मी बघतो की. रोज बघतो.”

आपण काय बोललो ते मामांच्या लक्षात आलं ते जरा उशिरानं. आत्याबाईंनी माझं मनगट सोडलं आणि मान वळवून सरळ त्यांच्याकडे बघितलं. चारचौघांत नवऱ्याच्या डोळ्यांत बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“म्हंजी तुमी जागे व्हता,” त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, मावशी, दुखतं का. आत्याबाईंनी आपली खुर्ची टेबलाकडे सरकवून घेतली, त्यामुळं मामांकडे त्यांची पाठ झाली, आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.